वन्सं, ही घ्या तुमची तळतोंडी

गेलीस? बरं झालं. आता निदान तुला 'तू' तरी म्हणता येईल.

जन्मभर 'अहो वन्सं' म्हणत आले. मी लग्न होऊन तुमच्या घरी आले तेव्हा तुझं नाक वाहत होतं, ते तू परकराला पुसत होतीस, आणि त्याच परकरापुढं वाकून नमस्कार कर असं मला सांगण्यात आलं. नवऱ्याची बहीण पाळण्यात का असेना, ती 'वन्सं' आणि ती 'तुम्ही'. तू मात्र पहिल्या दिवसापासून मला 'ए वयनी'. देवाला आणि मेलेल्याला कुणी अहो-जाहो करत नाही. तू देव होणं शक्य नव्हतं, म्हणून मला इतकं थांबावं लागलं.

तुझं तेरावं अजून व्हायचंय. नगरला तुझ्या घरी येणारा जाणारा तुझ्याबद्दल गोड बोलतोय. किती मायाळू, किती सरळ, कधी कुणाला दुखावलं नाही. सरळ! मी दोन दिवस ऐकून घेतलं, मग तुझ्या नातवाची वही मागितली आणि ओट्यावर येऊन बसले. जिनं माझ्या उजव्या हातावर भूत बसवलं आणि स्वतः कोऱ्या अंगानं वर जायला निघाली, तिच्याविषयी बोलायला माझ्या तोंडात साखर नाही. डॉक्टरांनी बंद केलीय.

कोऱ्या अंगानं. माझं सगळं भांडण तेवढ्यावरच आहे. आत्याबाई, म्हणजे तुझी आई नि माझी सासू, काय म्हणायच्या ते तुला पाठ होतं. बाईबरोबर वर काही जात नाही; सोनं काढून घेतात, लुगडं जळून जातं, गोंदण तेवढं सोबत येतं. आणि जिच्या अंगावर गोंदणाचा एक ठिपका नाही, तिला वर गेल्यावर देव मुसळानं गोंदतो. मुसळानं, इंदे! आणि तू सुई बघून पळालेली.

आधी त्या येड्या पोरीचं सांगते, म्हणजे माझं. लढाईची वर्षं होती. हे नगरला लष्कराच्या गोदामात कामाला, महिन्या दोन महिन्यांनी एखादा दिवस घरी यायचे. खर्ड्याकडून जामखेडला जाणाऱ्या वाटेवरचं आपलं गाव, उन्हाळ्यात तव्यासारखं. दुपारी पडवीत आपण दोघी ज्वारी निवडत बसायचो. लढाईमुळं कोरा कागद मिळेना, त्यामुळं वाणी मीठ, गूळ, चहा, जे काय द्यायचा ते जुन्या पुस्तकांच्या पानांत बांधून द्यायचा. गावच्या शाळेत तू तीन इयत्ता शिकलेली. पुडी सोडली की मीठ मडक्यात आणि कागद तुझ्या मांडीवर. एके दिवशी असाच एक कागद सरळ करत तू म्हणालीस, "वयनी, ही भुताची गोष्ट हाय. वाचू का?"

ती येडी म्हणाली, "वाचा की, वन्सं."

तिथंच फसली.

त्या गोष्टीत तळतोंडी होती. तिला चेहरा नव्हता, केस मोकळे, आणि उजव्या हाताच्या तळव्यात तोंड. बारीक दातांचं, वाटीएवढं. ती कुणाला मारायची नाही, ओरडायची नाही. नुसती मायेनं कुरवाळायची. ज्याला कुरवाळलं ते दुसऱ्या दिवशी मेलेलं. पोर, वासरू, म्हातारं, काही असो. तू आवाज खाली आणून वाचायचीस. "आन् मंग तिनं त्याच्या पाठीवरनं हात फिरवला," म्हणायचीस आणि थांबायचीस. सुपातली ज्वारी तशीच राहायची. कागद संपला की म्हणायचीस, "म्होरलं पान गुळाच्या पुडीत आसंल." मग मी आत्याबाईंना सांगायची की गूळ संपलाय. संपलेला नसायचा, मी खाल्लेला असायचा. भुतापायी एवढा गूळ खाणारी सून जामखेड तालुक्यात दुसरी झाली नसेल.

भीती इतकी बसली की पाठीवरून वारा गेला तरी मी किंचाळायची. न्हाताना पाठ कुणाला चोळू द्यायची नाही. आत्याबाई म्हणाल्या, "हिला लागीर झालंया का काय?" तेव्हा तू गंभीर चेहरा करून मला गोठ्यात नेलंस.

"वयनी, तुज्या हातावर इच्चू कशाला गोंदलाय?"

"लहानपणी आईनं गोंदवला. इच्चू गोंदला की इच्चू चावत न्हाई."

"चावला का कवा?"

"न्हाई."

"मंग? तळतोंडी गोंदून घे. आंगावरच आसली की बाहिरून कशी यील?"

आता हसू येतं. पण खरं सांग, त्या बोलण्यात चूक कुठं होती? अख्ख्या मुलखाच्या बाया त्याच भरवशावर विंचू गोंदून दगडाखाली हात घालत होत्या. ती येडी मात्र एक गोष्ट विचारायची विसरली नाही. "आन् तुमी, वन्सं?"

"मी बी गोंदती की. तुझं झालं की माजं. आईची आन."

आत्याबाईंची शपथ. त्या पुढं पंधरा वर्षं जगल्या, ही तुझी पुण्याई म्हणायची.

गोंदणारीण आली ती भर उन्हात. तिच्या डोक्यावर टोपली, टोपलीत काजळीची वाटी आणि दोऱ्यानं एकत्र बांधलेल्या सुया. आत्याबाई विहिरीवर धुणं घेऊन गेलेल्या. तू तिला पडवीत बसवून कानात सांगितलंस काय काढायचं ते. ती बाई तोंड वासून तुझ्याकडं बघत राहिली.

"पोरी, मी तुळस काढीन, मोर काढीन, सीतेची पावलं काढीन. हाताला त्वांड कसं आस्तं?"

"आसं गोल. भवतीनं दात."

"आन् ह्या बाईला डोळं?"

"न्हाईत."

"नाक?"

"न्हाई."

"लई स्वस्तातली बाई हाय की."

ती माझ्या हातावर गुडघा देऊन बसली आणि तिनं सुया टोचायला सुरुवात केली. गाणं म्हणत होती, म्हणजे माझा आवाज झाकायला. माझा आवाज झाकला गेला नाही. विहिरीवर ऐकू गेला. पहिल्या दहा टोच्यांतच तुझा चेहरा पांढरा पडलेला मी बघितला. तू एक पाऊल मागं गेलीस, मग आणखी एक. "वन्सं, कुटं निगालासा?" मी रडत विचारलं. "जनावराला पाणी दावून येते," म्हणालीस. आपल्या बैलांना त्या दुपारी इतकी तहान कधी लागली नव्हती.

चित्र पुरं होतंय तोच आत्याबाई ओल्या लुगड्यानं धावत आल्या. रक्त नि काजळी पुसून त्यांनी माझा हात डोळ्यांजवळ नेला. गोंदणारणीनं तिच्या परीनं काढलेलं होतं. मोकळे केस म्हणून तिनं डोक्याभोवती रेघा मारल्या, त्या किरणांसारख्या दिसत होत्या. तळव्यातलं तोंड नि दात म्हणून गोलाभोवती ठिपके दिले, ते कमळ झालं होतं. आणि हात वर.

"कोन ही?" आत्याबाई म्हणाल्या.

गोंदणारीण टोपली आवरायला लागली. आणि कडब्याच्या गंजीतून तुझा आवाज आला.

"आये, आई हाय ती. तळाई. खर्ड्याच्या वाटंला तळं हाय न्हवं, तितली."

गंजीतून आवाज आला म्हणून की काय कोण जाणे, आत्याबाईंच्या अंगावर काटा आला. त्यांनी माझ्या सुजलेल्या हातावर कपाळ टेकलं. उठल्या तेव्हा कुंकवाच्या वर काजळीचा डाग. तो त्यांनी दिवसभर पुसला नाही.

"इंदे, भाईर ये. तू बी घे गोंदून."

"एका घरात दोन हातांवर बसत न्हाई ती, आये. कोपती."

"मंग तुळस तरी घे!"

"म्होरल्या खेपेला."

ती पुढची खेप कधी आली नाही. गोंदणारीण आली की तुला ताप यायचा. तिचा आवाज वेशीवर ऐकू आला की कपाळ तापायचं, असा आज्ञाधारक ताप मी दुसरा पाहिला नाही. मग तुझं लग्न झालं, तू नगरला गेलीस, तिथं गोंदणाला गावंढळ म्हणत. सुटलीस.

मी अडकले. गावातल्या बाया तापलेली पोरं घेऊन माझ्या हातापुढं यायला लागल्या. मी, तळतोंडीला भिणारी, माझ्याच हातावरच्या तळतोंडीला हळद वाहिलेली बघायची आणि 'तळाई बरं करील' म्हणायची. खरं सांगितलं असतं तर आत्याबाईंनी मला माहेरी धाडलं असतं आणि तुला उलथन्यानं डागलं असतं. मी गप्प बसले. माझं नशीब एवढंच की देवीचा हात शेणात घालायचा नाही असं आत्याबाईंनी ठरवलं, आणि शेणघाण तुझ्याकडं आली. गोवऱ्या थापताना तुझा चेहरा बघून मला जो आनंद झाला तो सांगायची सोय नाही. पण तू कुणाची? आठ दिवसांत, स्वप्नात दिसलं म्हणून, आत्याबाईंना सांगितलंस की तळाईला शनिवारी निरंकार उपास लागतो, पाणीसुद्धा नाही. दर शनिवारी मी उपाशी नि तू शेणात. आपला देवधर्म हा असा.

इथवर हसण्यासारखं आहे. पुढचं तुझ्या सुनांना ठाऊक नाही.

माझा थोरला झाला तो माहेरी. बाळंतपण नीट झालं, आईनं पोर माझ्या कुशीत दिलं, आणि माझा उजवा हात वर उचललेला तसाच राहिला. कुरवाळलं नि उद्या गेलं तर? देवी बिवी लोकांना. मला ठाऊक होतं हातावर कोण आहे ते. मी त्याला डाव्या हातानं घेतलं, डाव्या हातानं थोपटलं, डाव्या हातानं तेल लावलं. आई म्हणाली, ही डावरी कधीपासून झाली? उजव्या हाताला मी पदर गुंडाळून ठेवायची. पोर रडायचं, दोन्ही हातांनी घ्यावंसं वाटायचं नि माझं अंग गार पडायचं. असे किती दिवस काढले ते मोजले नाहीत मी.

सासरी आले तेव्हा बाकी कुणाच्या लक्षात आलं नाही. तुझ्या आलं.

"वयनी, लेकराला डाव्या हातानंच का घेतीस?"

मी सांगितलं. तुझ्या तोंडचं पाणी पळालेलं मी तेव्हा दुसऱ्यांदा बघितलं. तू माझा उजवा हात धरलास, पदर सोडवलास, आणि तो तळवा स्वतःच्या गालावर ठेवलास. मग कपाळावर. मग केसांवरून पाठीपर्यंत, हळूहळू, गोष्टीत तळतोंडी फिरवायची तसाच. तू डोळे गच्च मिटले होतेस.

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत माझ्या अंथरुणाशी येऊन उभी. "बग. हाय का न्हाई मी?"

"हायसा, वन्सं."

"मंग घे त्याला नीट."

मी घेतलं. दोन्ही हातांनी. तो आज आजोबा आहे, त्याच्या पाठीवरून मी अजून उजवा हात फिरवते आणि तो म्हणतो, आई, खरखरीत झालाय गं हात.

आता ह्याच्यावरचं आपलं भांडण. तुझं लग्न झाल्यावर तुझ्या मागं राहिलेल्या फुटक्या पाटीवर मी अक्षरं गिरवली. शहाणी म्हणवून घ्यायला नाही, तळतोंडीचं शेवटी काय झालं ते वाचायला. गावातली शाळेत जाणारी कार्टी हसायची, मामी शिकतीया म्हणून. शिकले. वाण्याची एक पुडी सोडली नाही. केसांच्या तेलाची जाहिरात, बैल हरवल्याची बातमी, कुठल्या पंचांगाचं पान, खोकल्याचं औषध. तळतोंडी कुठं नव्हती. तुझ्या गोष्टी कागदावर नव्हत्याच, इंदे. त्या तुझ्या डोक्यातल्या होत्या. खोकल्याच्या औषधाकडं बघत तू माझा जीव काढत होतीस.

म्हणजे तुला ठाऊक होतं की ते खोटं आहे. मग माझा हात तोंडावरून फिरवताना डोळे गच्च का मिटलेस? मी दर दिवाळीला विचारलं. तू म्हणायचीस, "डोळ्यात धूळ गेल्ती." धूळ! 'खोटं हुतं, वयनी' एवढं म्हटलं असतंस तर संपलं असतं. ते म्हणवलं नाही तुला. खोटं कबूल करण्यापेक्षा तुला मेलेलं परवडलं असतं. आणि रात्रभर तुला वाटत होतं की मरशील. तू भ्याली होतीस, स्वतःच बनवलेल्या भुताला. हे मी तुझ्या तोंडून ऐकायला जन्मभर थांबले आणि तू धूळ धूळ करत गेलीस.

शेवटचं भेटले तेव्हा तू खाटेवर होतीस, आवाज बारीक झालेला. मी दुसरंच विचारलं. "वन्सं, तळतोंडी कुनावरनं सुचली वो तुमाला?"

तू हसलीस, तोंडात दात नसताना. "तुज्यावरनं. वरात आली तवा तू माज्या करडाला कुरवाळलंस. हळदीच्या हातानं. सकाळी त्ये फुगून मेलं."

म्हणजे मीच. माझ्या हातावर माझंच चित्र काढवून घेतलंस, माझ्याच पैशानं नव्हे, पण माझ्याच कातडीवर. वर हसलीस. मीही हसले. आणि गप्प बसले.

का गप्प बसले ते आता सांगते, आता तुला उलट बोलता येत नाही. त्या दिवशी वरात विहिरीपाशी थांबली होती. मोटेच्या पाण्याच्या कडेला ज्वारीच्या खुंटांना हिरवे फुटवे आले होते आणि तुझं करडू ते खात होतं. गळ्यात दावं होतं, दाव्याचं टोक मोकळं. नवरी बघायला धावताना तू ते बांधायची विसरली होतीस. तसले फुटवे खाऊन जनावर फुगतं हे माझ्यासारख्या शेतकऱ्याच्या पोरीला ठाऊक नसेल? पण ते कुणाचं, इथं कुणाला सांगायचं, काही कळेना. मी नुसतं त्याला कुरवाळून बाजूला लोटलं. तू रडत रडत सकाळी आलीस तेव्हाच सगळं समजलं. एवढं भांडलो आपण, पण दाव्याचं नाव मी काढलं नाही. तुला भूतच हवं होतं ना दोष द्यायला? घे म्हटलं. माझा हात कुठं झिजत होता.

तुझ्या सुनांनी तुला न्हाऊ घालायला मला बोलावलं. मी सगळं अंग बघितलं. मनात वेडी आशा, कुठं तरी एखादा ठिपका असेल, मला चोरून घेतला असशील. दंड बघितले, पोटऱ्या बघितल्या, कपाळ बघितलं. काही नाही. दुधासारखी कोरी. मला इतका राग आला की डोळ्यांत पाणी आलं. शपथ खाल्लेली बाई. आणि वर ते मुसळ.

तुझ्या तान्ह्या पणतीच्या काजळाची डबी कोनाड्यात होती. मी ती घेतली. तुझा उजवा हात मांडीवर ओढला, गुडघा द्यावा लागला नाही, पहिल्यांदाच तू पळाली नाहीस. माझ्या हातावरचं बघत बघत तुझ्या हातावर काढलं. बिनडोळ्यांचं, बिननाकाचं, केस मोकळे, तळव्यात तोंड, तोंडाभोवती दात. म्हातारपणी रेघ सरळ येत नाही. दात फुगले, कमळासारखे झाले. केस उभे राहिले, किरणांसारखे.

"मामी, कोण ओ ह्या?" तुझी थोरली सून कुजबुजली.

मी म्हटलं, "तळाई."

दोघी सुना वाकल्या आणि त्यांनी तुझ्या हातावर कपाळ टेकलं. उठल्या तेव्हा दोघींच्या कपाळावर काजळाचा डाग. हसू आवरायला मी तोंडात पदर कोंबला. बाया म्हणाल्या, किती रडतीय बिचारी.

वर विचारलं तर सांगा, गोंदलेलं आहे. मुसळ ठेवा म्हणावं तिकडं. आणि मी येईन तेव्हा कुरवाळायला पुढं या, वन्सं, डोळे उघडे ठेवून. बघू कोण भितं.